एका आत्मकथनाचे संपादन: एक्केचाळीस प्रश्न आणि सात ओळी

कोल्हापुरातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेने आमच्या तात्यांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे, राजकीय आत्मकथन गेल्या दिवाळीनंतर प्रसिद्ध केले. हस्तलिखित हाती देण्यापासून छापील प्रती घरी येईपर्यंत चौदा महिने गेले आणि या काळात संस्थेशी झालेला सगळा व्यवहार मीच पाहिला. घरातल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या वह्या छापून घ्याव्यात असे ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण यात कौतुकाइतकीच तक्रारही आहे आणि ती आम्ही समोरासमोर बसून बोललेलो आहोत.

तात्या आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावचे सरपंच, पुढे जिल्हा परिषदेचे सदस्य आणि दोन वेळा साखर कारखान्याचे संचालक, अशी त्यांची कारकीर्द आहे. पक्ष त्यांनी तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी का बदलला, कोणी काय कबूल केले आणि कोण कुठे फिरला, हे पाच फुलस्केप वह्यांत कोणाचीही भीडभाड न ठेवता लिहून ठेवले. या वह्यांत सव्वादोनशेहून अधिक माणसे नावानिशी येतात. त्यांतली निम्मी वारली आहेत आणि उरलेल्यांपैकी काही आजही चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर हात जोडून उभी असतात.

या संस्थेकडे जाण्याआधी दोन ठिकाणी विचारून झाले होते. परगावच्या एका सशुल्क प्रकाशन सेवेकडे वह्यांची स्कॅन केलेली पाने पाठवली, तर तिसऱ्याच दिवशी दरपत्रक आले: पानाला इतके, मुखपृष्ठाला इतके, पंचेचाळीस दिवसांत पुस्तक हातात. सोबत मुखपृष्ठाचा नमुनाही होता, काळ्या पार्श्वभूमीवर उसाचा पेटलेला फड आणि त्यावर लाल अक्षरांत ‘स्फोटक’ हा शब्द. पाच वह्यांपैकी एकही पान कोणी वाचले नव्हते हे उघड होते, कारण तात्यांच्या लिखाणात ऊस पेटवल्याचा प्रसंगच नाही. करारनाम्यातले एक कलम मात्र ठळक अक्षरांत होते, की मजकुरातून उद्भवणाऱ्या सर्व कायदेशीर परिणामांची जबाबदारी एकट्या लेखकाची राहील. दुसऱ्या एका जाणत्या प्रकाशकांनी वह्या चाळल्या आणि ‘निवडणुका होऊन जाऊ द्यात, मग बघू’ असे सांगितले. कोणत्या निवडणुका, ते त्यांनी सांगितले नाही. आपल्या जिल्ह्यात विकास सोसायटीपासून लोकसभेपर्यंत कोणती ना कोणती निवडणूक लागलेलीच असते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. शहराच्या जुन्या भागात खाली पिठाची गिरणी आणि वर दोन खोल्या, एवढाच या संस्थेचा पसारा आहे. संपादनाचे काम एक निवृत्त प्राध्यापिका पाहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. वह्या देऊन दीड महिना झाल्यावर त्यांचे पत्र आले. त्यात कौतुकाचे एकही वाक्य नव्हते. एक्केचाळीस प्रश्न होते, पान क्रमांकासह, आणि शेवटी लिहिले होते की यांची उत्तरे आल्याशिवाय मजकूर अक्षरजुळणीला दिला जाणार नाही. हे वाचून तात्यांचा पारा चढला आणि वह्या परत आणायला त्यांनी मला लगेच मोटरसायकल काढायला सांगितली.

त्या प्रश्नांपैकी एक इथे जसाच्या तसा देतो, कारण या सेवेची खरी किंमत त्यात आहे. ‘वही दुसरी, पान ६३. “त्या रात्री अकरा मतपेट्या बदलल्या.” हे आपण स्वतः पाहिले की ऐकले? ऐकले असल्यास कोणाकडून व केव्हा? ती व्यक्ती हयात आहे काय? निकालाविरुद्ध कोणी लेखी तक्रार केली होती काय?’ कारखान्याच्या एका जुन्या निवडणुकीचा हा प्रसंग तात्यांनी माझ्या लहानपणापासून शंभरदा सांगितलेला आहे आणि तो सांगताना ते पेट्या उचलल्यासारखे हातही करतात. बाईंसमोर बसल्यावर ते म्हणाले, “आख्ख्या तालुक्याला ठावं हाय ते.” बाई शांतपणे म्हणाल्या, “मग तालुक्यातल्या एका माणसाचं नाव द्या, तात्या. मी त्यांना फोन करते.” तात्या बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी सांगितले की ते त्या रात्री गावातच नव्हते, सांगलीला पाहुण्यांकडे लग्नाला गेले होते. पुस्तकात ते वाक्य आता असे आहे: ‘त्या रात्री मी गावात नव्हतो. अकरा मतपेट्या बदलल्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी एका संचालकाने मला सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला विश्वास ठेवायचा होता.’ शेवटचे उपवाक्य तात्यांचे स्वतःचे आहे, बाईंनी सुचवलेले नाही. माझ्या मते सबंध पुस्तकातले ते सर्वांत चांगले वाक्य आहे आणि तो प्रश्न विचारला गेला नसता तर ते लिहिलेच गेले नसते.

दुसरा एक प्रश्न केवळ तारखेचा होता. १९८४ च्या डिसेंबरात दिल्लीत यशवंतराव चव्हाणांची भेट झाली आणि त्यांनी आपल्या पाठीवर हात ठेवून दोन गोष्टी सांगितल्या, असे तात्यांनी लिहिले होते. बाईंनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘यशवंतरावांचे निधन २५ नोव्हेंबर १९८४.’ तात्या दोन दिवस जेवणावर रुसल्यासारखे बसले. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत त्या वर्षाची खिशातली डायरी सापडली आणि भेट जानेवारीतली निघाली. थंडी खरी होती, महिना चुकला होता. ही चूक तशीच छापली गेली असती तर विरोधकांनी त्या एका पानावरून सगळे पुस्तकच खोटे ठरवले असते, आणि तसे करायला त्यांना पूर्ण वावही मिळाला असता.

एवढ्या बारकाईने कोणी वाचते, हेच मला नवे होते. मराठीत कथेतल्या एका शब्दासाठी लेखकाशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करणाऱ्या संपादकांची परंपरा आहे, मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे त्या संदर्भात आजही घेतली जातात. राजकीय आत्मकथनाच्या वाट्याला मात्र ही शिस्त क्वचितच येते, कारण त्यांतली बरीच पुस्तके अमृतमहोत्सवाच्या समारंभासाठी घाईने तयार होतात, शाल-श्रीफळाबरोबर वाटली जातात आणि त्यांचा हिशेब वाचकांच्या संख्येवर नव्हे तर मंडपातल्या खुर्च्यांवर होतो. अशा पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास असते: ‘या पुस्तकातील मतांशी प्रकाशक सहमत असतीलच असे नाही.’ मतांपुरते ते ठीकच आहे. पण मतपेट्या बदलल्या की नाही बदलल्या, हे मत नव्हे; आणि त्या वाक्याचा आडोसा नेमका तशाच विधानांसाठी घेतला जातो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हेही बाईंनी आम्हाला एका बैठकीत समजावून दिले, आणि सेवेचा हा भाग वकिलाच्या फीशिवाय मिळाला हे नोंदवले पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे, आणि बदनामीकारक आहे हे ठाऊक असताना असा मजकूर छापणाराही त्यातून सुटत नाही. ‘पण हे खरे आहे’ एवढे म्हणून भागत नाही; ते खरे असले पाहिजे आणि ते प्रसिद्ध होण्यात लोकांचे हितही असले पाहिजे. वारलेल्या माणसाविषयी काहीही लिहावे, हा आपल्याकडचा समजही चुकीचा आहे, कारण घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची अप्रतिष्ठा करणे याच कलमात बसते. उलट बाजूने, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑटो शंकर’ प्रकरणात, म्हणजे फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या आत्मकथनाविषयीच्या खटल्यात, असे सांगितले की आपली बदनामी होईल या भीतीने सरकार किंवा अधिकारी प्रकाशन आधीच रोखू शकत नाहीत, त्यांनी दाद मागायची ती प्रकाशनानंतर. अधिकारपदावरच्या कामाविषयी लिहिलेल्या मजकुरावर नुकसानभरपाई मागितली गेली, तर प्रसिद्ध करणाऱ्याने आपण तथ्यांची वाजवी पडताळणी केली होती एवढे दाखवले तरी पुरते, असेही त्या निकालात आहे. ‘वाजवी पडताळणी’ या दोन शब्दांखाली बाईंनी आमच्यासमोर दोन रेघा मारल्या. एक्केचाळीस प्रश्नांची ती फाइल आणि तिच्यातली आमची उत्तरे त्यांनी जपून ठेवली आहेत.

मुळात हे पुस्तक छापावे की छापू नये, हा प्रश्न या संस्थेने कधी मोठ्या आवाजात विचारला नाही, आणि मला ते आवडले. वादग्रस्त राजकीय पुस्तकाविषयी चर्चा सुरू झाली की ती लगेच दोन टोकांना जाते: छापले तर शूर, नाकारले तर भेकड, किंवा याच्या नेमके उलट. अमेरिकेत २०२१ च्या जानेवारीत संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला, त्यानंतर दुसऱ्याच दिवशी सायमन अँड शुस्टर या प्रकाशकाने अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाला संसदेत आक्षेप घेणारे सिनेटर जॉश हॉली यांचे ठरलेले पुस्तक रद्द केले. हॉलींनी आपल्या अभिव्यक्तीवर घाला आल्याची ओरड केली, पण रेग्नरी या दुसऱ्या प्रकाशकाने ते घेतले आणि मे महिन्यात ते दुकानांत आलेही. एका प्रकाशकाचा नकार म्हणजे बंदी नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. त्याच सायमन अँड शुस्टरने त्याच वर्षी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या आठवणी प्रसिद्ध करण्याचा करार जाहीर केला, तेव्हा दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या करून तो मोडण्याची मागणी केली. प्रमुख जोनाथन कार्प यांनी ती नाकारली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुस्तक आले. दोन्ही वेळा भांडण झाले ते माणसावरून. पेन्स यांच्या वेळी तर कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि वरिष्ठांनी त्या फेटाळल्या तेव्हा पुस्तक यायला दीड वर्षाहून अधिक अवकाश होता, म्हणजे दोन्ही बाजू ज्यावर तावातावाने बोलत होत्या तो छापील मजकूर कोणाच्याही पुढे नव्हता. आमच्या बाईंना तात्यांच्या राजकारणाविषयी काय वाटते हे मला चौदा महिन्यांत कळले नाही. पान ६३ विषयी काय वाटते ते पहिल्याच पत्रात कळले.

इथवर सेवा उत्तम होती. आता तक्रार.

दुसरे प्रूफ घरी आले तेव्हा मी ते वहीशी ताडून वाचत होतो. पान १४१ वर एका संस्थेतल्या नोकरभरतीचा प्रसंग आहे. तात्यांनी त्यात एका नेत्याचे नाव घेऊन, कोणत्या सभेत कोणता ठराव कसा फिरवला गेला, हे सात ओळींत लिहिले होते. प्रुफात त्या सात ओळींच्या जागी दीड ओळ होती: ‘पुढे काही मंडळींच्या आग्रहामुळे भरतीचे धोरण बदलले.’ एक्केचाळीस प्रश्नांत या पानाविषयी एकही प्रश्न नव्हता. विचारले असते तर उत्तर तयार होते, कारण त्या सभेच्या प्रोसिडिंगची सही-शिक्क्याची नक्कल तात्यांच्या ट्रंकेत त्या डायरीच्या खालीच होती. म्हणजे ऐकीव गोष्टीसाठी साक्षीदार मागितला गेला आणि जिला कागद होता ती गोष्ट कोणालाही न विचारता पुसली गेली. फरक एवढाच, की मतपेट्यांच्या प्रसंगातले सगळे वारले आहेत आणि हे गृहस्थ अजून फ्लेक्सवर आहेत.

मी गिरणीवरच्या त्या खोलीत गेलो तेव्हा बाईंना हा बदल ठाऊक नव्हता. तो संस्थेच्या मालकांनी परस्पर केला होता. मालकांनी सरळ कबूल केले, की त्या नेत्यांच्या संस्थांचे अहवाल, दिनदर्शिका आणि पावतीपुस्तके यांची छपाई आपल्याकडे येते, त्यावर तीन कामगारांचे पगार निघतात आणि ते काम गेले तर आपली पुस्तके काढायची ऐपतच राहणार नाही. हा प्रामाणिकपणा मला भावला, हे मान्य करतो. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची २०१५ साली ज्या शहरात गोळ्या घालून हत्या झाली, तिथल्या एका लहान प्रकाशकाने अमुक मजकूर छापलाच पाहिजे असा हट्ट धरण्याचा अधिकार घरात बसलेल्या मला नाही, हेही मला कळते. प्रकाशक नाही म्हणू शकतो. सगळ्या पुस्तकाला म्हणू शकतो, सात ओळींनाही म्हणू शकतो. पण लेखकाच्या तोंडी आपले वाक्य घालून, आणि तेही ‘काही मंडळी’ असले शेळपट वाक्य घालून, लेखकानेच तसे लिहिले असे वाचकाला भासवणे हे संपादन नव्हे.

त्या दिवशी बाईंनी एक जुना दाखला दिला. मौलाना आझादांचे आत्मकथन त्यांच्या निधनानंतर १९५९ साली निघाले तेव्हा त्यातली सुमारे तीस पाने वगळून सीलबंद ठेवली होती, आणि ती तीस वर्षांनी खुली होतील असे वाचकांना त्याच आवृत्तीत सांगितले होते. ती पाने १९८८ साली खरोखरच छापली गेली. नेहरूंचे खासगी सहायक एम. ओ. मथाई यांच्या १९७८ सालच्या आठवणींतही एका प्रकरणाच्या जागी, ते लेखकाने ऐनवेळी मागे घेतल्याची टीप आहे. गाळायचेच असेल तर भोक दिसू द्या, असे बाई मालकांना म्हणाल्या. मालक गप्प होते. तात्यांना मी फोन लावून सगळे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, एवढेच म्हणाले, “गाळलंय न्हवं? मग गाळलंय म्हणून लिवा की. लाज कसली त्यात?”

तसेच झाले. पान १४१ वर आता चौकटी कंसात छापले आहे: ‘येथे मूळ हस्तलिखितातील सात ओळी प्रकाशकाने गाळल्या आहेत.’ ‘काही मंडळी’ निघून गेली. आणि दुसऱ्या पानावरचे ते नेहमीचे वाक्यही बाईंनी काढून टाकले. त्या जागी, कोणते प्रसंग कागदपत्रांशी ताडले, कोणते लेखकाच्या स्मरणावर ठेवले आणि कोणते ऐकीव म्हणून नोंदवले, याचे पाऊण पानाचे निवेदन आहे. असे निवेदन मी मराठी राजकीय आत्मकथनात याआधी पाहिलेले नव्हते.

बाकीचे थोडक्यात. डेमी आकार, २०८ पाने, किंमत ३५० रुपये, ५०० प्रतींची आवृत्ती. संपादनाचे वेगळे पैसे घेतले नाहीत. शंभर प्रती चाळीस टक्के सवलतीने, म्हणजे २१,००० रुपयांना, आम्ही घ्यायच्या अशी अट होती आणि ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. कागद बरा आहे, बांधणी मात्र पहिल्या वाचनातच कण्याशी सैल होते. मुद्रितशोधन तीन वेळा होऊनही अनुस्वार बरेच सुटले आहेत. सर्वांत मोठी गंमत फोटोंच्या पानांवर आहे: एका सभेच्या फोटोखालची ‘डावीकडून’ ही यादी उलटी लागल्यामुळे तात्यांच्या कट्टर विरोधकाच्या छातीवर तात्यांचे नाव आले. पंचवीस-तीस प्रती वाटून झाल्यावर हे लक्षात आले आणि उरलेल्यांत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी लागली. सव्वादोनशे नावांच्या पुस्तकाला नामसूची नाही, हा दोष मात्र गमतीचा नाही. आपले नाव कुठे आहे हे शोधण्यासाठी तरी लोकांनी सगळे पुस्तक वाचावे असा त्यामागे हेतू असेल, तर तो मला मान्य नाही.

ज्यांना महिन्याभरात पुस्तक हवे आहे किंवा समारंभाची तारीख आधीच ठरली आहे, त्यांनी इकडे येऊ नये. ज्यांचा लेखक प्रश्न विचारलेला सहन करू शकत नाही, त्यांनीही येऊ नये. बाकीच्यांनी जरूर यावे, फक्त प्रत्येक प्रूफ हस्तलिखिताशी ओळ न्‌ ओळ ताडून पाहावे आणि विशेषतः आज सत्तेत असलेल्यांची नावे जिथे येतात ती पाने आधी उघडावीत.

गावातल्या वाचनालयाला दिलेल्या प्रतीत पान १४१ चा कोपरा इतका दुमडला गेला आहे की तो तुटायला आला आहे. त्या सात ओळी कोणत्या, असे विचारायला लोक घरी येतात. तात्या त्यांना चहा पाजतात आणि चौथी वही हातात देतात. दुसऱ्या आवृत्तीत नामसूची देण्याचे मालकांनी कबूल केले आहे. सात ओळींविषयी अजून काही ठरलेले नाही.